मिस इव्हाडनीने फिरवलेली खोली

हेक्टर्स गॅपमध्ये कुणी गेलं, की लोक आधी पाद्र्याला सांगतात, मग शवपेटीवाल्याला, आणि मग कुणीतरी चिखल तुडवत मिस इव्हाडनीच्या फाटकाशी येऊन उभं राहतं. ती शिवणयंत्रावरून मानही वर न करता विचारते, "खाट कुठल्या भिंतीला आहे?" बस, एवढंच. कोण गेलं, कसं गेलं, हे तिला आधीच कळलेलं असतं. आमच्या बेटावरच्या डोंगरात बातमी लपवायची सोय नाही.

आमच्याकडे नवव्या रात्री मेलेल्याची खोली फिरवावी लागते. तोवर तो घरातच घुटमळत असतो. नवव्या रात्री सगळं गाव अंगणात जमतं, बोकडाचं सूप उकळतं, पांढरी रम फिरते, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर धाडधाड आपटतात, कुणीतरी बेसूर स्तोत्रं म्हणतं. तेवढ्या वेळात आत खाटेचं डोकं पायाकडे करायचं, गादी उलटायची, कपाट समोरच्या भिंतीला लावायचं. मेलेल्याचा डपी, म्हणजे तुम्ही ज्याला भूत म्हणाल ते, परत आला की दारातून आत बघतो. त्याला वाटतं, हे आपलं घर नव्हे. मग तो मुकाट्याने आपल्या वाटेला लागतो.

चार वस्तू ढकलायला कुणालाही येतात हो. पण मिस इव्हाडनीची गोष्ट वेगळी. ती आधी मेलेल्याच्या खाटेवर आडवी व्हायची, त्याच्याच उशीवर डोकं ठेवून. तिथून काय काय दिसतं ते बघायची. कुठली खिडकी, कुठली खुंटी, पत्र्यावरचा कुठला गंज. जे जे दिसेल ते ते बदलून टाकायची. शाळेचे जुने मास्तर गेल्यावर घरात खोकल्याचा आवाज येत राहिला, तेव्हा हिने त्यांच्या मुलांना सांगून दरवाजाच बुजवला आणि दुसऱ्या भिंतीत नवा पाडायला लावला. मुलांनी खूप कुरकुर केली. पण मास्तर पुन्हा खोकले नाहीत.

तिचा नवरा रॅन्सफर्ड या सगळ्याची भरपूर थट्टा करायचा. तो डोंगरातल्या बसवर कंडक्टर होता. त्याचा आवाज असा, की बस दोन वळणं खाली असतानाच गावाला कळायचं. "इव्ही," तो म्हणायचा, "माझी खाट नदीपलीकडे नेलीस ना, तरी मी बरोबर येतो बघ."

"आधी मर तर खरं," ती म्हणायची. "मग बघते तुझ्याकडे."

भांडणं खूप व्हायची दोघांची. करमायचं मात्र नाही एकमेकांवाचून. तो रात्रीच्या फेरीला गेला की ही दाराशी दिवा लावून बसायची, आणि तो आला की "आलास का, जळलं मेलं" म्हणून आत वळायची.

मग त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गाव हलवणारा माणूस खाटेला खिळला आणि तोंडातून निघेना एक शब्द. डाव्या हाताची बोटं तेवढी चालायची. त्यांची एकुलती एक मुलगी केरीन तिकडे इंग्लंडात नर्स आहे. तिने बापाला एक मोठा फोन पाठवला. आता आमच्याकडे एका आवारात तीन-चार घरं असतात आणि कुठली चूल कुणाची हे कुणी विचारत नाही. केरीननेही फोनचं तसंच करून टाकलं. आईचा, बापाचा आणि स्वतःचा, तिन्ही फोन एकाच खात्यावर. फोटो कुणीही काढला तरी तो तिघांना दिसायचा. ती बर्मिंगहॅमला बर्फाचा फोटो काढायची आणि इकडे इव्हाडनी मिरच्या निवडता निवडता तो बघायची. आवाराला कुंपण कशाला हवं, घरातलीच तर माणसं!

रॅन्सफर्ड दिवसभर तो फोन छातीवर, गुंडाळलेल्या टॉवेलला टेकवून उभा धरायचा. इव्हाडनीला वाटायचं, क्रिकेट बघतोय. बघू दे बापड्याला.

फेब्रुवारीत तो गेला. केरीनला तेव्हा आठवा महिना होता, विमानात कोण बसू देणार? फोनवर ती हमसून हमसून रडली. "मम्मी, डॅडींचा फोन त्यांच्याबरोबर ठेव," म्हणाली. "तेवढाच होता त्यांना." मेलेल्याच्या कोटाचे खिसे आम्ही शिवून टाकतो, परत येताना त्याने काही घेऊन येऊ नये म्हणून. ते तर इव्हाडनीने स्वतःच्या हाताने शिवले होते. मग तिने फोन बंद केला आणि त्याच्या डाव्या तळव्याखाली ठेवला. सगळ्यांनी बघितलं. घरामागे नीरफणसाच्या झाडाखाली त्याला पुरलं आणि वर सिमेंटचा चौथरा बांधला.

नवव्या रात्री शेजारची मिस पॅन्सी स्वयंपाकघरात आली आणि कानाशी लागून म्हणाली, "आतून लाल घातलंयस ना?"

"पॅन्सी, बाहेर पाद्री बसलाय."

"बसू दे. नवऱ्याचा डपी पहिल्यांदा अंथरुणातच येतो, आणि लाल दिसलं की मागे फिरतो. पाद्रीणबाई विधवा झाल्या की त्याही घालतील, सांगून ठेवते."

इव्हाडनी हसली. त्या आठवड्यातली पहिलीच वेळ. मग आत जाऊन तिने खोली फिरवली. खाट उत्तरेला, कपाट खिडकीशी, आणि खिडकीजवळचं शिवणयंत्र खाटेच्या जागी. फक्त एक गोष्ट तिने केली नाही. ती त्याच्या खाटेवर आडवी झाली नाही. आपलीच खोली, त्यात काय बघायचं, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिच्याने त्या उशीवर डोकं ठेववेना.

मार्चमध्ये केरीनला मुलगी झाली. नाव ठेवलं अझाया. इव्हाडनीच्या फोनवर फोटोंची नुसती रीघ लागली. मुठी आवळलेली अझाया, जांभई देणारी अझाया. शिवायला टाकलेले शाळेचे गणवेश तसेच पडून राहिले आणि ही येणाऱ्याजाणाऱ्याला धरून फोटो दाखवू लागली. जुलैत केरीन बाळाला घेऊन येणार होती, आपल्या देवळात बाप्तिस्मा करायला.

आणि फोटो यायचे थांबले.

"पाठवते आहे गं," केरीन म्हणाली. "जागा संपलीये. आपल्या खात्याला ठरावीक जागा असते. ती भरली की नवीन काही आत येत नाही."

"भरली कशाने? मी तर चार केकचे फोटो काढलेत."

"बघ ना. आकाराप्रमाणे लाव, सगळ्यात मोठं वर येईल."

इव्हाडनीने लावलं. "वर सगळा तुझा बापच आलाय," ती म्हणाली.

रॅन्सफर्डच्या फोनचे व्हिडिओ. एकेक अख्ख्या सकाळएवढा, एकेक दुपारएवढा. बोट वर सरकवत जावं तरी संपेनात. आणि प्रत्येकाच्या चौकटीत तीच खोली. खिडकी, खिडकीजवळ शिवणयंत्र, पलीकडे स्वयंपाकघराचं दार. आडव्या माणसाला उशीवरून दिसते तशी.

अंगणात ऊन रणरणत होतं, कोंबड्या कलकलत होत्या, आणि ही आत जाऊन खाट अजून उत्तरेलाच आहे ना ते बघून आली. तिने खोली फिरवली होती, पण न फिरवलेली खोली ही इथे फोनमध्ये होती. जशीच्या तशी. खाट जिथल्या तिथे, कपाट जिथल्या तिथे. म्हणजे हा लबाड वर्षभर क्रिकेट बघत नव्हता. हा घर साठवत होता!

"हे असतं तरी कुठे, पोरी?"

"कुठेतरी मोठमोठी गोदामं आहेत मम्मी, परदेशात. क्लाउड म्हणतात. थोडे पैसे भरले की जागा वाढवून मिळते. भरू का मी?"

"भर! मेलेल्याला भाड्याने खोली घेऊन दे!" इव्हाडनी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "केरीन, बाळाला शवपेटीवरून पलीकडे दिलेलं नाही."

केरीनला ते लगेच कळलं. इंग्लंडात नर्स असली म्हणून काय झालं, पोर इथलीच आहे. घरात कुणी गेलं की तान्ह्या मुलाला पेटीवरून या हातातून त्या हातात देतात, म्हणजे गेलेला त्याला शिवत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे हो. मेलेल्याची माया बाळाला सोसत नाही. तो नुसता पाळण्याशी उभा राहिला तरी पोर सुकत जातं. अझाया तेव्हा पोटात होती, समुद्रापलीकडे. तिला पेटीवरून कोण देणार? आणि आता ती आणि तो एकाच खात्यात होते.

"मग तूच काढ ना तिथून ते सगळं," इव्हाडनी म्हणाली.

"मला नाही जमणार, मम्मी. मी त्यांना पुरायलाही नव्हते. आता काढून टाकायला मीच?"

हे ऐकून इव्हाडनीने फोन ठेवला. तिने चष्मा पुसला आणि ती पायरीवर बसली. एकच व्हिडिओ उघडून बघितला. स्वयंपाकघराच्या दारातून वाडगा घेऊन एक बाई येते, खाटेशी वाकते, कुणाची तरी हनुवटी पुसते. "उघड तोंड. राजा लागून गेलास का तू?" मग बाई जाते, यंत्राशी बसते, मशीनची घरघर सुरू होते. मध्येच एक जड श्वास, अगदी फोनच्या जवळ. तो ऐकला आणि तिने फोन मांडीवर उलटा टाकला. रडली, मनसोक्त रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. न बघता. खूण कर, खूण कर, काढ. खूण कर, काढ.

पार दुपार टळून गेली. तरी फोन म्हणे, जागा नाही.

पॅन्सी कुंपणावर कोपर टेकून हे बघत होती. "अगं, काढलेलं आधी कचरापेटीत जातं. माझ्या भाच्याने मला दाखवलंय. पेटी रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही."

"म्हणजे घराबाहेर काढला, पण अंगणात बसलाय?"

"तसंच समज."

इव्हाडनीने पेटी उघडली. सगळ्या चौकटी तिथे ओळीने मांडलेल्या, तीच खिडकी, तेच यंत्र. "कायमचं काढायचं का?" फोनने विचारलं. "जा रे रॅन्सफर्ड," ती म्हणाली. "पोरीसाठी जा." आणि बोट टेकवलं. पाचच मिनिटांत अझाया आली. एक नाही, अडलेले सगळे फोटो भसाभसा आले. टोपीतली अझाया, आंघोळीतली अझाया. पॅन्सी कुंपण ओलांडूनच आत आली, आणि दोघी म्हाताऱ्या त्या फोनवर डोकी जोडून हसत बसल्या.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग जागा पुन्हा भरू लागली.

नवा व्हिडिओ होता. खाली नाव रॅन्सफर्डच्या फोनचं.

"तो फोन तर शवपेटीत आहे," पॅन्सी म्हणाली. तिने मागच्या नीरफणसाकडे बघितलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. "वायफाय तिथवर पोचत असेल, ते सोड. पण चार्ज कुठून करतोय मेला?"

दोघींनी मिळून उघडला. खोली फिरवलेली होती. खाट उत्तरेला, कपाट खिडकीशी. बघणारा होता जुन्या खाटेच्या जागी, जिथे आता यंत्र आहे, जमिनीपासून उशीएवढ्या उंचीवर. दिवसाउजेडी इव्हाडनी इस्त्री करत होती. ती गणवेश टांगायला डावीकडे गेली, चित्र डावीकडे गेलं. ती वाकली, ते वाकलं. बाहेर पाणी आणायला गेली तेव्हा रिकाम्या दारावर ते स्थिर झालं. ती परत येईपर्यंत तसंच राहिलं. आणि जवळच, तो जड श्वास.

"अगं बाई," पॅन्सी कुजबुजली. "ओळखलंन की घर."

इव्हाडनीला त्या काढून टाकलेल्या चौकटी आठवत होत्या. खिडकी, यंत्र, दार. यंत्राशी कोण बसायचं? दारातून कोण यायचं? नवव्या रात्री ती त्याच्या उशीवर एकदा आडवी झाली असती, तर तिला तेव्हाच कळलं असतं. त्या खाटेवरून खोली दिसतच नव्हती. दिसत होती फक्त ती.

केरीनने तिकडून बापाचा फोन खात्यातून काढून टाकला. आधी जमेना म्हणाली, पण काढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक व्हिडिओ आला. आता खाली नाव होतं इव्हाडनीच्याच फोनचं. आणि तिचा फोन तर त्या व्हिडिओत दिसत होता, टेबलावर, बशीशेजारी.

"चल माझ्याकडे झोपायला," पॅन्सीने फर्मावलं. इव्हाडनी गेली. सकाळी दोघींनी बघितलं. पॅन्सीच्या बाहेरच्या खोलीतला बाक, त्यावर झोपलेली इव्हाडनी. एकदा पॅन्सी पाणी प्यायला उठते आणि मध्ये येते. तेव्हा चित्र हळूच तिला वळसा घालून बाजूला सरकतं आणि पुन्हा इव्हाडनीच्या तोंडावर येऊन थांबतं.

पॅन्सीने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. "मी मध्ये आले तर टाळलं गं त्याने मला," ती म्हणाली. "वाटेत बसलेल्या गाईला टाळावं तसं."

"आणि माझ्या घरातलं काही आलंय का रात्रीचं?"

नव्हतं. त्या रात्री रिकाम्या घरातलं एक सेकंदही नव्हतं. इव्हाडनीने दोनदा खाली-वर करून बघितलं. मग तिने एक मोठा निःश्वास सोडला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ती शांत दिसत होती, आणि पॅन्सी म्हणते, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिने केरीनला फोन लावला. "घर स्वच्छ आहे," म्हणाली. "अगदी स्वच्छ. तू खुशाल ये. पाळणा मी शिवणाच्या खोलीत ठेवतेय, तिथे वारा येतो."

"आणि तू?"

"मी खाली क्लॅरेंडनला जाते, तुझ्या मर्टल मावशीकडे. तू परत जाशील तोवर."

"मम्मी, वेड लागलंय का तुला? मी तुझ्यासाठी येतेय! एवढं तान्हं पोर घेऊन समुद्र ओलांडून येतेय, आणि तू तिला हातातही घेणार नाहीस?"

"जिथे मी, तिथे तो, केरीन."

"तो माझा बाप आहे! तो काय करणार आहे तिला?"

"काही नाही करणार. बघेल. नुसता बघत बसेल." इव्हाडनीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला कसा बघतोय, ते बघितलंय मी. तुझ्या पोरीला तसं कुणी बघायला नको."

केरीनने फोन आपटला. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फक्त विचारलं, बाळाचे कपडे धुवायला कुठला साबण ठेवलायस?

जुलैत त्या आल्या. त्या दिवशी सकाळच्या बसने इव्हाडनी निघून गेली. पाळण्याला नवी मच्छरदाणी, डब्यात आल्याचे लाडू, फडक्यात गुंडाळलेला पांढरा बाप्तिस्म्याचा झगा, तिने स्वतः शिवलेला, बाहीला तीन ओळी चुण्या. किल्ली पॅन्सीकडे. बस खाली उतरत असताना समोरून विमानतळाची टॅक्सी वर चढत होती, असं बसचा ड्रायव्हर सांगतो. अरुंद वळणावर दोन्ही गाड्या एकमेकींना खेटून गेल्या. म्हातारीने खिडकीकडे पाठ केली आणि पदराआड तोंड घ्यावं तसं टोपीआड तोंड लपवलं, म्हणाला. "मीच ओरडणार होतो, थांबा, तुमची पोर आलीये. पण तिचे खांदे बघितले आणि गप्प बसलो."

बाप्तिस्मा झाला. झगा अगदी मापात बसला. गावाने बोकड खाल्ला आणि म्हातारीच्या नावाने बोटं मोडली. आपल्या लोकांना बोलायला काय जातं?

आता इव्हाडनी मर्टलच्या ओट्यावर बसते. सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम ठरलेलं. रात्रीतून नवा व्हिडिओ आलेलाच असतो. मर्टलची खोली, मर्टलची खाट, तिच्यावर झोपलेली ती. तो ती न उघडता काढते, मग कचरापेटीतूनही काढते. "पुरे रे," एवढंच म्हणते. मोठा असतो तो. काढला की अझायासाठी पुष्कळ जागा होते. मग मर्टल चहा देते, आणि ही फोन हातात धरून बसून राहते, कधी कधी चहा गार होईपर्यंत.

फोटो येतो. हेक्टर्स गॅपची खोली, पाळणा, पाळण्यात पाय झाडणारी पोर. इव्हाडनी चष्मा लावते आणि आधी कोपरे बघते. दाराचा, कपाटाचा, खिडकीखालचा. एकेक कोपरा बोटाने मोठा करून, सावकाश. सगळे रिकामे आहेत अशी खात्री झाली, की मगच ती बाळाच्या तोंडाकडे बघते.